मदत हवी आहे: वाचनालयाच्या सभागृहात दर शनिवारी नवे मराठी चित्रपट, रीतसर परवानगी कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाचं सभागृह आहे. शंभरेक खुर्च्या, प्रोजेक्टर, दोन स्पीकर. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथे जुने चित्रपट आणि माहितीपट दाखवतो. येणाऱ्यांत बायका आणि वयस्कर माणसं जास्त. नवा चित्रपट पाहायचा तर रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं, आणि रात्रीच्या खेळानंतर परतायला एसटी नसते. त्यामुळे ज्या चित्रपटाबद्दल पुण्या-मुंबईची लेकरं फोनवर बोलतात, तो इथल्या आयांनी पाहिलेलाच नसतो. तो सगळीकडे गाजत असतानाच दाखवता आला, तर त्यात खरी मजा आहे.

कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं, "तिकीट लावत नाही ना, मग कुणाचातरी ओटीटी अकाउंट जोडू या." मला हे पटत नाही. ते वर्गणीचं खातं घरापुरतं असतं, आणि फुकट दाखवलं म्हणून जाहीर प्रदर्शन खाजगी होत नाही. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ मध्ये शाळा-कॉलेजांना त्यांचे विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्यापुरती सवलत आहे, पण आमचा प्रेक्षक त्यात बसत नाही. टेलिग्रामवरची कॉपी तर नकोच. मराठी निर्माता आधीच खेळ मिळवायला झगडत असतो, त्याचे पैसे आपणच बुडवायचे?

तर जाणकारांनी कृपया सांगावं:

परवानगीसाठी निर्मात्याला लिहायचं, वितरकाला, की हक्क ओटीटीकडे गेले असतील तर त्यांना? एका खेळाचं मानधन साधारण कसं ठरतं? आम्ही ऐच्छिक वर्गणीची पेटी ठेवली तर त्याने फरक पडतो का?

थिएटरला डीसीपी (चित्रपटाची कुलूपबंद डिजिटल प्रत) आणि ती उघडण्याची केडीएम (डिजिटल किल्ली) जाते, आमच्याकडे तर नुसता लॅपटॉप. अशा ठिकाणी निर्माते फाइल देतात का? मराठी सबटायटल्ससह मिळाली तर फार बरं. ऐकू कमी येणारे बरेच आहेत, शिवाय वर पत्रा असल्याने पावसात संवाद कळतच नाहीत. (पत्र्याखाली कमी खर्चात काय लावता येईल, हेही कुणी सांगितलं तर उपकार होतील.)

सभागृहाला सिनेमा परवाना नाही. आठवड्यातून एका खेळासाठी तहसील कार्यालयात अर्ज चालतो की जिल्हाधिकारी कार्यालयातच जावं लागतं?

फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी (देशातल्या फिल्म सोसायट्यांची, म्हणजे चित्रपट मंडळांची संघटना) संलग्न झालो तर अभिजात चित्रपट मिळतील, पण अलीकडचे, लोकांना आवडलेले मिळतात का? कुणाच्या फिल्म सोसायटीला मिळाले असतील तर त्यांचा अनुभव मोलाचा ठरेल.

गणपतीनंतर सुरुवात करायचा विचार आहे. कुणाकडे परवानगीच्या पत्राचा नमुना असेल तर इथेच टाका, निर्मात्यांना पाठवायची पत्रं मी याच आठवड्यात लिहायला घेते.