मागच्या चाकाचं हब: घरी उघडायचं की दुकानात द्यायचं?

ताळगावकर
चवथ झाली, पाऊस ओसरला, आता दुकानांत सायकलींची रांग लागेल. कप-कोनचं मागचं हब (चाकाचा मधला भाग; त्यातल्या वाटीत, म्हणजे कपमध्ये, छर्रे बसतात आणि एक्सलवरचा शंकूसारखा नट, म्हणजे कोन, त्यांना धरतो) वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि चवथीनंतर, घरीच उघडावं असं माझं मत आहे. 'फुल सर्व्हिसिंग' म्हणून पैसे घेतात त्यात एक्सल (चाकाचा मधला दांडा) खरोखर बाहेर काढला की नाही, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही.

सामान फार नाही. कोनसाठी पातळ पाना, बहुतेक गिअरच्या सायकलींना १५ चा (साधा १५ चा जाड असतो, कोनच्या सपाट बाजूंवर बसत नाही). चेकनटसाठी, म्हणजे कोनला जागी पक्का धरणाऱ्या नटासाठी, १७ चा. फ्रीव्हील किंवा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढायचा पुलर, कॅसेट असेल तर ती फिरू नये म्हणून धरायची चेन व्हिपही. रॉकेल, नाही मिळालं तर डिझेल. ग्रीस. आणि १/४ इंची छर्रे, एका बाजूला ९, एकूण १८. पुढच्या चाकातले ३/१६ चे असतात, ते इथे चालणार नाहीत.

कॅसेट काढल्यावर फक्त डाव्या बाजूचा चेकनट आणि कोन सोडा, एक्सल उजवीकडून ओढून घ्या. उजवा कोन एक्सलवर जिथे आहे तिथेच राहू दे. तो हलला की एक्सल एका बाजूला जास्त बाहेर येतो. क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय, खटक्याने आवळायच्या) हबला दोन्हीकडे साधारण साडेपाच मिमी बाहेर असायला हवा. जास्त आला तर तो फ्रेमच्या खाचेबाहेर डोकावतो आणि क्विक रिलीज कितीही दाबलं तरी चाक पकडत नाही. खाली थाळा आणि थाळ्यात फडकं ठेवा, नाहीतर छर्रे कपाटाखाली शोधत बसाल.

म्हापसेकर
बाब, यादी बरोबर आहे, पण पहिल्याच पायरीला लोक अडकतात ते तुम्ही सांगितलं नाही. फ्रीव्हीलचे आटे सरळ, म्हणजे प्रत्येक पेडलबरोबर ते आणखी आवळलं जातं. दोन पावसाळे न काढलेलं फ्रीव्हील घरातल्या वीतभर पान्याने सुटत नाही. जोर लावताना पुलर निसटला की खाचा गोल होतात, मग ते फोडूनच काढावं लागतं. दुकानात वाइस असतो: पुलर वाइसमध्ये धरतात, वरून चाकच फिरवतात.

दुसरं, कोन सुटा मिळतो पण कप हबमध्ये दाबून बसवलेला असतो. त्याला खड्डे पडले की हब गेलं, आणि नवीन हब म्हणजे सगळे स्पोक उतरवून चाक नव्याने विणणं. नवशिक्याने कोन जास्त आवळला तर तेच होतं. शंभर-दोनशे रुपये वाचवायला हा धोका कशाला?

ताळगावकर
पुलर निसटतो कारण लोक तो नुसता हाताने दाबून धरतात. त्याच्यावर एक्सलचा नट, किंवा क्विक रिलीजची दांडी स्प्रिंगा काढून, हलकी आवळा. मग पुलर जागचा हलत नाही. पान्याच्या दांड्यावर फूटभर पाइप घाला. फ्रीव्हील एकदा कट्कन सुटलं की लगेच नट ढिला करा, नाहीतर नटाशीच झोंबत बसाल. बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका.

कपची भीती रास्त आहे, पण तो खराब झालाय हे कळायलाही उघडावंच लागतं. पुसून कोरडा केल्यावर बॉलपेनचं टोक कप आणि कोनच्या वाटेवरून फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खड्डाही टोकाला अडकतो. कोनला एक खड्डा दिसला तरी तो बदलायचा. छर्रे दर वेळी नवे, आणि सगळे एकाच पुडीतले. जुन्यात दोन-चार नवे मिसळले तर भार फक्त मोठ्या छर्र्यांवर येतो. ६ मिमीचे आणि ६.३५ मिमीचे छर्रे नुसत्या डोळ्यांना सारखेच वाटतात, म्हणून दुकानात '१/४' सांगूनच मागा.

फोंड्याहून
घरी करा, पण दोनदा कशाला? हब लक्षण बघून उघडावं, कॅलेंडर बघून नको. चाक काढा, एक्सल दोन बोटांत धरून सावकाश फिरवा. गुळगुळीत फिरतो? मग राहू द्या. खरखर लागते, किंवा कोनच्या कडेने चहाच्या रंगाचं ग्रीस बाहेर आलंय? मग पाणी शिरलंय, उघडा. विनाकारण उघडलं तर बसलेली ॲडजस्टमेंट जाते आणि अंगणातली तांबडी धूळ ताज्या ग्रीसला चिकटते. ती धूळ म्हणजे पॉलिशपेपरच.

आणि हबमध्ये पाणी पावसापेक्षा गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने जास्त जातं. हबवर तो झोत मारू नका, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

खारवाडो
फोंड्यात बसून हे ठीक आहे. दिवाड किंवा चोडणच्या फेरीबोटीवर रोज चढणाऱ्याने, भरतीच्या वेळी धक्क्यावरून चाक खाऱ्या पाण्यातून ढकलणाऱ्याने लक्षणाची वाट बघितली तर खरखर ऐकू येईपर्यंत कोन गेलेला असतो. गंज आधी, आवाज नंतर.

ग्रीसबद्दल कोणीच बोललं नाही. साधं लिथियम ग्रीस कोरड्यात उत्तम, पण खारं पाणी वारंवार लागणार असेल तर बोटींसाठीचं मरीन ग्रीस घ्या. ट्रॉलरवाल्यांना सामान देणाऱ्या दुकानात विचारा. दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळू नका, जुनं रॉकेलने पूर्ण धुवा आणि कोरडं करा. कप निम्म्याहून जास्त भरा, छर्रे त्यात रोवा, वरून आणखी एक थर. सायकलच्या वेगाला ग्रीस जास्त झाल्याने काही बिघडत नाही, बाहेर आलेलं पुसून टाका. ९ छर्रे बसल्यावर थोडी फट दिसते. तिथे दहावा कोंबू नका.

हे जाड ग्रीस फ्रीव्हीलच्या किंवा फ्रीहबच्या (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) आत मात्र घालायचं नाही. आतले कुत्रे (एकाच दिशेला पकडणारे खटके) चिकटतात आणि उभं राहून पेडल मारलं की पाय रिकामा जातो. तिथे पातळ तेलच.

कुडचडेकर
सगळा वाद उघडण्यावर चाललाय. चुकतं ते बंद करताना.

क्विक रिलीज आवळलं की पोकळ एक्सल किंचित दाबला जातो, आणि कोन आत येतात. म्हणून बाहेर काढलेल्या चाकात अगदी थोडा प्ले (ढिलेपणा) ठेवावा लागतो. टेबलावर 'एकदम परफेक्ट' केलेलं हब फ्रेममध्ये गेलं की जाम. नटाच्या भरीव एक्सलला मात्र हा हिशोब लागू नाही, तिथे टेबलावरच प्ले शून्य करायचा. बरेच जण एकाचा नियम दुसऱ्याला लावतात.

कोन हाताने बसवा, १५ च्या पान्याने धरून ठेवा, १७ ने चेकनट आवळा. चेकनट आवळताना कोन जरासा सरकतोच, म्हणून आधी थोडं ढिलं सोडा. मग चाक फ्रेममध्ये लावून क्विक रिलीज नेहमीच्या जोराने बंद करा आणि रिम फ्रेमजवळ धरून आडवी हलवा. टकटक लागली तर काढा, कोन पान्याच्या एक-सोळांश फेऱ्याएवढा आत, पुन्हा लावा. टकटक जाते तिथेच थांबायचं, पुढे एक केसही नाही. अगदी किंचित ढिलं करायचं असेल तर दोन्ही बाजूंच्या कोनना एकेक पाना लावून एकमेकांच्या उलट, बाहेरच्या दिशेने फिरवा, चेकनट सोडायची गरज नाही. त्यासाठी कोन पाने दोन लागतात. ताळगावकरांच्या यादीत एकच आहे.

एका जागी घट्ट आणि अर्ध्या फेऱ्यावर ढिलं होत असेल तर ॲडजस्ट करत बसू नका, एक्सल वाकलाय. आरशाच्या काचेवर लोळवून बघा, खालून उजेड दिसेल. फ्रीव्हीलच्या मल्टिस्पीड हबला हे हमखास होतं, कारण उजवं बेअरिंग खाचेपासून बरंच आत असतं आणि एक्सलचा तेवढा भाग आधाराशिवाय राहतो. चोर्ल्याच्या चढावर उभं राहून पेडल मारणाऱ्यांनी आधी इथेच बघावं.

म्हापसेकर
कुडचडेकरांनी माझीच बाजू मांडली. एक-सोळांश फेरा ओळखायला हात तयार लागतो. त्यापेक्षा पुढे कधी हब बदलायची वेळ येईल तेव्हा कार्ट्रिज बेअरिंगचं (छर्रे आत बंद असलेलं तयार बेअरिंग) घ्या. बऱ्याच हबमध्ये ६००१ नंबरचं लागतं, पण आकडा बेअरिंगच्या सीलवर वाचून खात्री करा. बदललं की झालं, कोन नाही, ॲडजस्टमेंट नाही.

कुडचडेकर
नाही कशी? कार्ट्रिजही खाऱ्या पाण्यात गंजतं, रबर सील असलेलं २आरएस घेतलं तरी. आणि घरी लोक ते हातोडीने आतल्या रिंगवर ठोकून बसवतात. ठोका छर्र्यांतून जातो आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं. जुनं बेअरिंगच वर ठेवून, बाहेरच्या रिंगवर, लांब बोल्ट आणि दोन जाड वॉशरने हळूहळू ओढून बसवा. तेवढी सवड असेल तर कप-कोनलाही तेवढीच लागते.