मदत हवी आहे: माकडताप, काजूचा हंगाम आणि बागेच्या वर मेलेलं वानर

काजूबाग
दोडामार्ग तालुक्यात जंगलाला खेटून काजूची बाग आहे. वरच्या अंगाला दाट रान, मध्ये घाणेरीचा पट्टा, खाली गोठा. चार गाई, दोन बैल; गुरं दिवसभर रानातच चरतात. काल बागेच्या वर वाटेकडेला वानर मरून पडलेलं दिसलं. माकडताप (गोचीड चावून माणसाला होणारा विषाणूचा ताप) असेल अशी भीती आहे. पंधरा-वीस दिवसांत बी वेचायला माणसं येतील. वानराचं काय करायचं? गुरांना आत्ता औषध लावून उपयोग होईल का? वेचणाऱ्यांनी काय काळजी घ्यायची, लस मिळते का? गुरांच्या अंगावर जाड गोचिड्या भरपूर आहेत, जास्त भीती त्यांचीच वाटते.

सह्यकडा
आधी वानर. हात लावू नका, ओढून खड्ड्यात टाकू नका, स्वतः जाळूही नका. आजच वनखात्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. वानर कशाने मेलं ते नमुना तपासल्याशिवाय कळत नाही, आणि कुजल्यावर नमुना निरुपयोगी होतो. त्या जागेभोवती साधारण ५० मीटरपर्यंत ५ टक्के मॅलेथिऑनची (कीटकनाशकाची) भुकटी मारतात. तेही त्यांनाच करू द्या.

वानर मेलं की अंगावरच्या गोचिड्या उतरून तिथल्याच पातेऱ्यात (वाळक्या पानांच्या थरात) शिरतात. वानराच्या रक्तातून विषाणू घेतलेली गोचिडीची अळी कात टाकून पिल्लू होते, तरी विषाणू तिच्यात टिकतो, आणि पिल्लू माणसाला चावतं. म्हणजे वानर उचलून नेलं तरी जागा धोक्याचीच राहते. ती ५० मीटरची जागा या हंगामात चराईला आणि वेचणीला पूर्ण बंद ठेवा. तिथल्या बिया गेल्या तर जाऊ देत.

माकडं हाकलण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. कळप हलला की गोचिड्याही त्याच्याबरोबर नव्या जागी जातात.

पशुवैद्य_२
गुरांवर दिसणारी जाड, राखाडी गोचीड बहुधा वेगळ्या जातीची असते. ती अख्खं आयुष्य एकाच जनावरावर काढते, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. माकडताप पसरवते ती मुख्यतः हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिला तीन यजमान लागतात: अळी आणि पिल्लू उंदीर, चिचुंद्री, जमिनीवरचे पक्षी, माकडं यांच्यावर, आणि मोठी गोचीड गुरांवर. गुरं विषाणू फारसा वाढवत नाहीत, पण मोठ्या मादीला पोटभर रक्त देतात, आणि ती रानात जाऊन अंडी घालते.

आता वेळेचं गणित. मोठ्या गोचिड्या पावसाळ्यात, अळ्या पावसाळ्याच्या शेवटापासून, आणि पिल्लं साधारण डिसेंबर ते मे. माणसाला धोका पिल्लांचा. तेव्हा आत्ता औषध लावून या हंगामातली पिल्लं कमी होणार नाहीत, ती केव्हाच रानात आहेत. खरा उपयोग जून ते सप्टेंबरमध्ये लावण्याचा. १ टक्का फ्लुमेथ्रिन (गोचीडनाशक), दर १० किलो वजनाला १ मिली, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावर ओळीत ओतायचं, साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा. इथे हमखास फसतं ते असं: पावसात भिजलेल्या पाठीवर ओततात आणि औषध वाहून जातं. अंग कोरडं हवं, नंतरही काही तास गुरं गोठ्यात हवीत. वजन अंदाजाने कमी धरलं की गोचिडी औषधाला सरावते. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टाळा, ते दुधात उतरतं.

आत्ता करण्यासारखं एकच: गुरं वरच्या रानात सोडू नका, आणि तिथला पातेरा गोठ्यात अंथरायला आणू नका.

गावडॉक्टर
जुनी निष्क्रिय विषाणूची लस परिणाम पुरेसा नसल्याने बंद झाली. तिच्या भरवशावर राहू नका.

वेचणाऱ्यांसाठी: फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, गमबूट. उघड्या त्वचेवर गोचीड दूर ठेवणारं डीपा तेल किंवा २० ते ३० टक्के डीट, घाम आला की पुन्हा. बसून वेचू नये, जेवायला पातेऱ्यावर बसू नये. घरी आल्यावर कपडे थेट उकळत्या पाण्यात. थंड पाण्यात भिजवून गोचीड मरत नाही. मग साबणाने अंघोळ आणि तपासणी: काख, जांघ, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली, कानामागे. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, नजरेपेक्षा बोटाला आधी लागतं.

चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. पिळू नका. रॉकेल, चुना, पेटती काडी काहीही नको. बोटांनी चिरडू नका, चिकटपट्टीत गुंडाळा. जागा साबणाने धुवून तारीख लिहून ठेवा.

चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत एकदम कडक ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरला ‘रानात काम केलंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी दिसतात, त्यामुळे डेंगी समजून सोडून देतात. पहिल्या दिवसांत आरटीपीसीआरच (रक्तात विषाणू शोधणारी चाचणी) हवी. आयजीएम एलायझा (प्रतिपिंड शोधणारी चाचणी) साधारण पाचव्या दिवसानंतर खरी ठरते. दुसऱ्या दिवशी एलायझा नकारात्मक आली म्हणून निर्धास्त होऊ नका. तापाला पॅरासिटामॉल चालेल; ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप उतरल्यावरही दोन आठवडे लक्ष ठेवा. काहींना तो परत येतो, तेव्हा मान ताठणं, भ्रम, थरथर दिसते. माणसाकडून माणसाला पसरत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकू नका.

काजूबाग
वनखात्याला फोन केला. बागेतला कुठला भाग जास्त धोक्याचा हे आपल्यालाच कळू शकतं का? आणि घाणेरी जाळून टाकू का?

सह्यकडा
कळतं. १ मीटर बाय १ मीटर पांढरं फ्लॅनेल काठीला बांधा, दव वाळल्यावर जमिनीलगत १० मीटर ओढा, उलटून बघा. आठ पाय असलेले बारीक ठिपके म्हणजे पिल्लं, सहा पायांची अळी. रान-बागेची सीमा, गुरांची वाट, आणि मोकळं मधलं आवार असे तीन पट्टे वेगळे ओढा. सीमेवर जास्त मिळतील, कारण तिथे सावली, ओल, उंदीर आणि गुरं एकत्र येतात. सदाहरित रान, लागवड आणि चराई यांची अशी सरमिसळ असलेल्या भागातच हा आजार जास्त दिसतो. १९५७ मध्ये तो कर्नाटकातल्या शिमोग्यात सापडला, २०१५ ला गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ ला तुमच्याच केर गावात पोचला.

घाणेरी जाळू नका, वणवा लागेल. सीमेवर दोन मीटरचा पट्टा कापून पातेरा रानाच्या बाजूला ओढा. उन्हाने तापलेल्या कोरड्या जमिनीवर पिल्लू टिकत नाही. पातेरा ओढणाऱ्याने गमबूट आणि डीपा दोन्ही वापरायचं. त्या दिवशी सगळ्यात जास्त धोका त्यालाच. पट्टा झाल्यावर कापड पुन्हा ओढून आकडे टाका इथे.