वाचनालयाची कायम ठेव मोडावी का?

खानापूरकर: आमच्या वाचनालयाची एक लाखाची कायम ठेव आहे, 1995 साली दारोदार फिरून जमवलेली. तेव्हा बँका बारा टक्क्यांच्या घरात व्याज द्यायच्या. महिन्याला हजार रुपये सुटायचे, ग्रंथपालबाईंचा पगार त्यातच भागायचा. आज सात टक्के धरा. वर्षाचे सात हजार, पेपरवाल्याचं बिलसुद्धा निघत नाही. यंदाच्या पावसात कौलं फुटली आणि शब्दकोशांच्या कपाटावर बादली ठेवलीय. माझं म्हणणं, ठेव मोडा आणि छप्पर घाला.

टिळकवाडीकर: ठेव काय तुमच्या घरची आहे? लोकांनी कायम निधी म्हणून लिहून दिलंय, फक्त व्याज खायचं. शिवाय करमाफी हवी तर संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के आपल्या कामावर खर्चावे लागतात, आणि 2021 पासून आयकराचा नियम असा की कायम निधीतून केलेला खर्च त्या 85 टक्क्यांत धरत नाहीत. पाच वर्षांत पैसे परत भरलेत, तर भरलेल्या वर्षी धरतात.

खानापूरकर: अहो, वर्षाचं उत्पन्न लाखभर नाही, कर कसला लागतोय आम्हाला! आणि पुस्तकं भिजून गेल्यावर व्याज कशासाठी खायचं?

टिळकवाडीकर: मग वर्गणी काढा. एक नोव्हेंबरला, आपल्या सीमाभागाच्या काळ्या दिनाला, काळ्या फिती लावून येतात ना सगळे?

खानापूरकर: येतात. पावतीपुस्तक दिसलं की चप्पल शोधायला लागतात. पोरं पुण्यात, घरी म्हातारा-म्हातारी.

निपाणीची ताई: पुण्यातल्या पोरांना ऑनलाइन पाठवायला सांगा की. तुमच्याकडे 80-जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, असेल तर दोन हजारांच्या वरची रोख देणगी तशीही सवलतीला चालत नाही. पण मला वेगळंच विचारायचंय. रस्त्याकडेचा गाळा भाड्याने दिलाय ना? किती येतं?

खानापूरकर: सहाशे.

निपाणीची ताई: दिवसाला?

खानापूरकर: महिन्याला. 2004 चा करार आहे, पुढे कुणी वाढवलाच नाही.

टिळकवाडीकर: आणि आम्ही इथे व्याजदरावर भांडतोय! बाजूच्या गाळ्याला काय भाडं आहे?

खानापूरकर: साडेचार हजार. पण आमचा भाडेकरू कार्यकारिणीत आहे, त्यामुळे विषय निघत नाही. ठेव माझ्या वडिलांनीही जमवली होती, मला काय ती मोडायची हौस आहे?

निपाणीची ताई: येत्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय भाड्याचा घाला, ठेवीचा दुसरा. आणि त्या विषयाच्या वेळी भाडेकरूला बाहेर बसवा.

खानापूरकर: बाहेर पाऊस आहे. आत बसला तर बादलीजवळच बसवतो.