मदत हवी आहे : हॅम बाजारातला आमचा मांडव

मंडळी, कोल्हापुरात हॅम रेडिओवाल्यांच्या (म्हणजे हौसेनं बिनतारी सेट चालवणाऱ्यांच्या) मेळाव्यात जुन्या सेटांचा बाजार भरतोय. तिथं पाहुणचाराचा मांडव आमच्या क्लबकडं आहे. खाण्याची काळजी नाही, मिसळ आणि कट भरपूर (पाव संपले तर मात्र बोंब!). अडचण वेगळीच. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल अँटेना, म्हणजे साधारण २० मीटर तार, मांडवावरनं ताणायचीय. पण मांडववाल्याच्या एलईडी माळा लागल्या की रिसीव्हरवर नुसती खरखर. माळांच्या वायरीला फेराइट रिंगवर (खरखर अडवणारं चुंबकी कडं) वेढे देऊन भागेल, का सेट सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा? माळाच काढा म्हटलं तर मांडववाला रुसतोय. शिवाय गिऱ्हाइकांना सेट तिथंच तपासता यावा म्हणून कुणाकडं डमी लोड (अँटेनाऐवजी जोडून सिग्नल हवेत न सोडता सेट तपासायचा) आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना सेटशी नीट जुळते का ते दाखवणारा) असेल तर तेवढे द्या राव, जपून वापरू.