विषय: मिस्डमीनर म्हणजे किरकोळच ना?

फ्रीमाँटहून:
नमस्कार मंडळी. नाव लिहीत नाही, मंडळाच्या कार्यवाहांना ठाऊक आहे. माझा भाचा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एमएस करतोय. परवा एका दुकानात सेल्फ-चेकआउटला चाळीसेक डॉलरचं सामान स्कॅन न होता पिशवीत गेलं. पोलिसांनी सही घेऊन कोर्टाच्या तारखेची चिठ्ठी दिली आणि सोडलं. पोरगा रडकुंडीला आलाय, सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला म्हणे. रूममेट सांगतो, मिस्डमीनर म्हणजे छोटा गुन्हा तर आहे, गिल्टी म्हण, दंड भर, मोकळा हो. तसं करावं का? पुण्याला ताईला अजून कळवलेलं नाही.

सनीव्हेलहून:
मावशी, आधी त्याला पोटभर जेवायला घाला. ती सही म्हणजे कबुली नव्हे, "तारखेला येईन" एवढाच शब्द. तारीख मात्र चुकवू नका, न जाणं हा वेगळाच गुन्हा होतो.

मी वकील नाही, वकिलाच्या ऑफिसात पंधरा वर्षं फायली लावतेय. इथे कॅलिफोर्नियात इन्फ्रॅक्शन म्हणजे स्पीडिंगच्या तिकिटासारखं, नुसता दंड. मिस्डमीनरला काउंटी जेल, म्हणजे जिल्ह्याचा तुरुंग होऊ शकतो, फेलनीला, म्हणजे गंभीर गुन्ह्याला, राज्याचा तुरुंगही. काही गुन्हे 'वॉबलर', म्हणजे सरकारी वकील किंवा जज ठरवतील त्या बाजूला झुकणारे. २०१४ च्या प्रॉपोझिशन ४७ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यापासून ९५० डॉलरपर्यंतची दुकानातली चोरी सहसा मिस्डमीनरच.

पण रूममेटचं ऐकू नका. इमिग्रेशनवाले राज्यानं लावलेल्या लेबलावर थांबत नाहीत, त्यांचा शब्दकोश वेगळा. चोरीला एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली, तर राज्याच्या कागदावर मिस्डमीनर असूनही तिकडे ती 'ॲग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे हद्दपारीपर्यंत नेणारा गुन्हा ठरू शकते. म्हणून तर कॅलिफोर्नियानं २०१५ पासून मिस्डमीनरची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. एका दिवसासाठी कायदा बदलला, हो!

तुमच्या भाच्याला वर्षभराची शिक्षा होणार नाही. किरकोळ चोरीला कमाल सहा महिनेच आहेत, आणि पहिल्याच वेळेला व्हिसाच्या कायद्यात थोडी सवलतही आहे. पण ती एकदाच वापरून संपते, आणि गिल्टी म्हणून नुसता दंड भरला तरी तिकडे 'कन्व्हिक्शन', म्हणजे दोषी ठरला असं धरतात. २०२१ पासून मिस्डमीनरमध्ये जज डायव्हर्जन देऊ शकतो. त्यात गिल्टी म्हणावं लागत नाही, सांगितलेलं पूर्ण केलं की केस रद्द. ते मागा. वकील मात्र इमिग्रेशन जाणणारा हवा.

डब्लिनहून:
एवढं कशाला घाबरवता? माझ्या मित्राने दंड भरला, नंतर रेकॉर्ड एक्स्पंज, म्हणजे कोर्टाकडून पुसून घेतलं. आज मजेत नोकरी करतोय.

सनीव्हेलहून:
काका, मित्र सिटिझन असणार. नोकरीसाठी एक्स्पंजचा फायदा होतो, आणि पाच किंवा जास्त माणसं असलेली कंपनी इथे ऑफर देण्याआधी रेकॉर्ड विचारूच शकत नाही. पण इमिग्रेशनच्या लेखी एक्स्पंज केलेलं कन्व्हिक्शनही सहसा कन्व्हिक्शनच. सिटिझनशिपच्या फॉर्मवर तर रद्द झालेल्या केसेसही लिहाव्या लागतात. तिथे "नाही" लिहून अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. मूळ प्रकरण वीस डॉलरचं, खोटं मात्र महागात पडलं. मावशी, कोर्टाचे सगळे कागद सर्टिफाइड कॉपीसकट जपून ठेवा.

कार्यवाह:
मंडळी, गणपतीच्या वर्गणीची चौकशी याच धाग्यात रिप्लाय-ऑल करून करू नका.

फ्रीमाँटहून:
खूप आभार. वकिलांची वेळ गुरुवारची मिळाली. ताईला सांगितलं, ती आधी माझ्यावरच ओरडली. एकच राहिलं, कोर्टाच्या तारखेलाच त्याची मिडटर्म आहे.

सनीव्हेलहून:
पेपर देऊ दे. मिस्डमीनरमध्ये बहुतेक वेळा वकील एकटा उभा राहिला तरी चालतं. फेलनी असती तर पहिल्या तारखेला त्यालाच जावं लागलं असतं.