मदत हवी आहे: भाट्ये खाडीतला काळा चिखल, मेलेल्या तिसऱ्या आणि न पटणारं सेंद्रिय कार्बनचं माप

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट खाडीच्या चिखलावर. गाव भाट्ये खाडीच्या काठावर, म्हणजे रत्नागिरीला काजळी नदी समुद्राला मिळते तिथे. आमची आत्या तीसेक वर्षं सुकतीला (ओहोटीला) तिसऱ्या, म्हणजे चिखलातले खाण्याचे शिंपले, काढायला जाते, विषय तिच्यामुळेच घेतला, कारण यंदा पावसाळ्यानंतर तिच्या नेहमीच्या जागेवर जिवंत तिसरी मिळेनाशी झालीय. शिंपल्या मिळतात, दोन्ही फाकी अजून जोडलेल्या आणि आत नुसता काळा चिखल. ती म्हणते, "चिखल कुजलाय रे, पाय घातला की वास येतो."

त्याच जागेवर मार्चमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये दोन इंची पीव्हीसी पाइप दाबून ३० सेंमीचे कोअर (चिखलाचे उभे नमुने) काढले. मार्चच्या कोअरमध्ये वरचा चार बोटं चिखल तपकिरी होता, त्यात किड्यांची बिळं, आणि बिळाच्या कडेने गंजासारखी नारिंगी रेघ पार खाली काळ्या थरात घुसलेली. ऑक्टोबरला वर करंगळीच्या पेराएवढा लोण्यासारखा मऊ लालसर गाळ आणि त्याच्याखाली एकदम डांबरासारखं काळं, बीळ एकही नाही. काळ्यावर दोन थेंब पातळ एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) टाकलं की सडक्या अंड्याचा वास येतो, आणि तोच तुकडा बशीत उघडा ठेवला तर संध्याकाळपर्यंत राखाडी-तपकिरी होतो.

आता अडलंय कुठे तर, एक म्हणजे हे काळं झालं म्हणून तिसऱ्या मेल्या की तिसऱ्या मेल्या म्हणून काळं झालं हे मला सांगता येत नाहीये आणि आत्या रोज विचारते. दुसरं, जळून गेलेलं ते सेंद्रिय असं धरून चिखल १०५ डिग्रीला वाळवून ५५० ला चार तास भट्टीत ठेवला तर वजन १४-१५ टक्के घटतंय, कांदळवनातल्या मुळं-पानं कुजलेल्या चिखलापेक्षाही जास्त, हे काही पटत नाही. कॉलेजात नायट्रोजनचा ग्लोव्हबॉक्स (नमुना हवा न लागता हाताळायची बंद पेटी) वगैरे काही नाही. कोणी यावर काम केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

मी गोव्यात झुआरीच्या गाळावर काम केलंय, तिथेही वरून जांभ्याची माती येते, त्यामुळे तुझी भट्टीची अडचण ओळखीची आहे. जांभ्याच्या गाळात केओलिनाइट (चिकणमातीचं खनिज) आणि गोएथाइट (लोहाचं खनिज) भरपूर असतं, त्यांच्या स्फटिकात अडकलेलं पाणी १०५ ला जात नाही, गोएथाइटचं ३०० च्या आसपास आणि केओलिनाइटचं ४५० च्या पुढे जातं, आणि तू ते सगळं सेंद्रिय म्हणून मोजतोयस. त्या लाल गाळाचा आकडा कांदळवनापेक्षा जास्त येतो तो त्यामुळेच असणार. जवळच्या माती परीक्षण लॅबमध्ये वॉकली-ब्लॅक (डायक्रोमेट किती खर्च होतं त्यावरून कार्बन मोजायची पद्धत) करून देतील पण तिथेही सांभाळ, खाडीच्या चिखलातलं क्लोराइड, फेरस लोह आणि सल्फाइड तिघंही डायक्रोमेट खातात आणि कार्बन फुगून दिसतो. मीठ धुऊन टाक, चिखल हवेत पूर्ण वाळव, मगच दे. सगळ्यात बरं म्हणजे आधी ॲसिडने शिंपल्यांचा चुना काढायचा आणि सीएचएन ॲनालायझरला (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन थेट मोजणाऱ्या यंत्राला) लावायचं.

काळ्या रंगाला मात्र लगेच दोषी धरू नकोस. अशा चिखलात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरमध्येच संपतो, पण समुद्राच्या पाण्यात लिटरला जवळजवळ २.७ ग्रॅम सल्फेट असतं, बॅक्टेरिया मग त्याच्यावर श्वास घेतात. समुद्राच्या गाळावर काम करणाऱ्या योर्गेनसेननी १९८२ सालीच मांडलं होतं की किनाऱ्याजवळच्या गाळात जवळपास निम्मं सेंद्रिय असंच जिरतं. त्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड लोहाने पकडला की काळं आयर्न सल्फाइड होतं, म्हणजे काळं हे पकडलेलं विष आहे. तिसरी मरते ती न पकडलेल्या, पाण्यात विरघळलेल्या सल्फाइडने, आणि कोकणात लोह भरपूर म्हणून ते मोकळं राहायला बराच वेळ लागतो. ॲसिड टाकून आलेला वास पकडलेल्याचा आहे, मोकळं बघायचं तर ताजा कोअर कापल्या कापल्या लेड ॲसिटेटचा कागद धरून बघ, मोकळं सल्फाइड असलं तर तो काळा पडतो.

मार्चच्या नारिंगी रेघा म्हणजे बिळातून खाली गेलेल्या ऑक्सिजनचा माग. किडे, खेकडे, तिसऱ्या चिखल उकरतात म्हणून तपकिरी थर चार बोटं होता, ते गेले की तो आपोआप पातळ होतो. मला तरी वाटतं आधी तिसऱ्या गेल्या, काळं नंतर वर आलं. पावसाळ्यात गोडं पाणी किती दिवस टिकलं ते विचार, तिसरी शिंपल्या मिटून काही दिवस काढते, आठवडे नाही, आणि वरून गाळाचा थर बसला की श्वासाची नळी पण बंद.

मूळ धागाकर्ता

खूप खूप आभार, मी नेमकं उलटं धरून बसलो होतो. आत्याला आत्ताच विचारलं, म्हणाली यंदा श्रावणात उधाणाच्या भरतीलाही पाणी तोंडाला गोडच लागत होतं, आणि तिच्या जागेपासून खाली पुळणीच्या (वाळूच्या) बाजूला, जिथे गाळ बसत नाही, तिथे अजून थोड्या तिसऱ्या आहेत. म्हणजे पुढचे कोअर तिथलेही काढतो. एकच विचारायचं राहिलं, जागेवरून कॉलेजला पोचायला दीड तास लागतो, तोवर सल्फाइड उडू नये म्हणून काय करू?

प्रतिसाद २

कापलेला तुकडा लगेच झिंक ॲसिटेट घातलेल्या बाटलीत टाक, सल्फाइड झिंकला बांधलं जातं. बाटली काठोकाठ भर, हवा ठेवू नको, मासे न्यायच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ने आणि पोचल्यावर डीप फ्रीझरला. कार्बनसाठी वेगळी पिशवी ठेव, त्यात झिंक नको.