गाव बाल संरक्षण समितीचं काम मोजायचं कसं? (जत तालुका)

माणदेशी_ताई

नमस्कार. जतच्या पूर्व भागातल्या एका ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे, पहिलीच टर्म. गावच्या बाल संरक्षण समितीवरही माझं नाव आहे. गेल्या आठवड्यात समितीचं रजिस्टर सहीसाठी घरी आलं. तीन बैठकांच्या सह्या एकदम करायच्या होत्या आणि त्यातल्या एकाही बैठकीला मला बोलावणं नव्हतं. मी सही केली नाही. रजिस्टर ठेवून घेतलं आणि रात्री वाचत बसले.

त्यात एक ओळ आहे: "बालसंगोपन योजना, प्राप्त अर्ज 4, निकाली 4."

चारही पोरं माझ्या ओळखीची आहेत. एक तर आमच्याच गल्लीतली, सातवीतली मुलगी. बाप दोन वर्षांपूर्वी वारला. आई भावाबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाते, सहा महिने मुलगी आजीजवळ असते. मागच्या श्रावणात अर्ज भरला. महिना 2250 रुपये मिळायला हवेत, आजवर एक रुपया आलेला नाही. आजीला कन्नडच येतं. ती दोनदा एसटीनं सांगलीला जाऊन आली. तिथं तिला मराठीत काहीतरी सांगितलं, त्यातलं तिला एवढंच कळलं की पुन्हा या. मग "निकाली" म्हणजे काय? चौकशी केली तर कळलं, अर्ज वर पाठवला की इथं निकाली लिहितात.

हे वाचल्यापासून मला चैन नाही. सरपंच म्हणाले, पुढची बैठक तुम्हीच लावा. दसरा जवळ आलाय, त्यानंतर टोळ्या निघतील. बैठकीत मी नेमकं काय विचारू? कोणते आकडे मागू? कुणाला कोंडीत पकडायचं नाहीये. पण त्या ओळीवर माझी सही जाणार नाही.

कृष्णाकाठ

ताई, मी बरीच वर्षं सांगली जिल्ह्यात मुलांच्या संस्थांमध्ये समाजसेविका म्हणून काम केलंय. अनुभवाचं सांगते: आकडे नंतर मागा, आधी तारखा मागा. प्रत्येक मुलासाठी एक पान करा. गावाला कधी कळलं, अर्ज कधी भरला, घरी चौकशीला कोण आणि कधी आलं, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा आदेश कधी झाला, पहिले पैसे खात्यात कधी पडले. ही शेवटची तारीख लिहिली गेली की मगच निकाली म्हणायचं. दोन तारखांमधली जागा मोठी दिसेल, तिथं काम अडलंय.

योजनेचा अर्ज वेगळा आणि संरक्षणाचं प्रकरण वेगळं, हेही ध्यानात ठेवा. मूल टाकून दिलेलं आहे, मारहाण होते, लग्न लावायला निघालेत, अशा वेळी 2015 च्या बाल न्याय अधिनियमात मुदती ठरलेल्या आहेत. मूल ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं, सामाजिक तपास 15 दिवसांत, आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश. या बाल कल्याण समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा घेणं ही जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. तुमची पानं त्या आढाव्यापर्यंत गेली पाहिजेत. तिथं नुसती "4 पैकी 4" पोचली तर त्या आजीचे हेलपाटे कुणाला दिसणार?

आणि आजीचं खातं आधारला जोडलेलं आहे का, ते उद्याच बघा. पैसे थेट खात्यात येतात, बहुतेक वेळा गाडी तिथंच अडते.

सेविका_वाळवा

ताई, मी अंगणवाडी सेविका. तुमचं म्हणणं पटतं, पण आमची बाजूही ऐका. समितीचं सचिवपद आमच्याकडे, वर पोषण, लसीकरण, मोबाईलवरची माहिती रोजची. सह्या गोळा करत फिरायची हौस कुणाला नसते. वरून कागद मागतात तो बैठकीचा, मुलाचं काय झालं हे मला कधी कुणी विचारलेलंच नाही. कृपा करून नवीन रजिस्टर वाढवू नका, आहे त्यातच पानं करा, आणि दोन पोरांच्या घरी तुम्ही स्वतः जा.

बैठका महिन्यांच्या हिशोबानं लावू नका, टोळ्यांच्या हिशोबानं लावा. एक टोळ्या निघायच्या आधी: कोणतं पोर मागं राहणार, कुणाजवळ, कोणतं बरोबर जाणार. दुसरी टोळ्या परतल्यावर, कारण आमच्याकडे लहान पोरींची लग्नं ठरतात ती तेव्हाच, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. त्या बैठकीला ग्रामसेवक असायलाच हवेत. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच आहेत.

कराडकर_माहिती_अधिकार

दोन गोष्टी. जिल्ह्याचे आकडे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात, उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. पण मुलांची नावं मागू नका आणि इथंही लिहू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं.

दुसरं, "शून्य तक्रारी" असलेल्या गावाचं कौतुक होऊ देऊ नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर लागला, लोकांना विश्वास वाटायला लागला, की तक्रारी आधी वाढतात. ते चांगलं लक्षण आहे. आणि चार पोरांच्या गावात टक्केवारी काढू नये.

माणदेशी_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. सेविकाताई, तुमचं वाचून मी आमच्या सेविकेकडे जाऊन बसले. तीही हेच म्हणाली. आता पानं आम्ही दोघी मिळून लिहितो.

बैठक झाली. चारपैकी एकाच मुलाला पैसे मिळतायत. दोघांचे अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यापाशी थांबलेत, त्यासाठी संखच्या अपर तहसीलला जाऊन आले. आमच्या गल्लीतल्या मुलीचं तेच निघालं, आजीचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं. कन्नड बोलणारा एक कॉलेजचा मुलगा बरोबर घेऊन बँकेत गेलो, काम झालं. पैशांची तारीख अजून कोरी आहे. शिवाय टोळ्या गेल्यावर मागं राहणारी अकरा पोरं निघाली, ती कोणत्याच यादीत नव्हती.

मुलीलाही विचारलं, तुला काय पाहिजे. मला वाटलं वह्या, दप्तर असं काही सांगेल. ती म्हणाली, "आजीला रात्री दिसत नाही. कुणीतरी सोबतीला झोपायला यावं." शेजारच्या काकू तयार झाल्यात. आई निघेल त्या रात्रीपासून त्या येणार आहेत. तेही तिच्या पानावर लिहिलं.